हाताने वाढवलेली बदकाची पिल्लं रात्री बाहेर झोपायला कशी शिकवायची?

मळ्यातली :
नमस्कार मंडळी. आम्ही पलूसजवळ मळ्यात वस्तीवर राहतो. खाकी कॅम्पबेलची सहा पिल्लं घेतलीत, मशीनवर उबवलेली, एक दिवसाची होती तेव्हापासून मागच्या खोलीत खोक्यात बल्बखाली वाढवली. आता दीड महिन्याची होतील. पोटाला, खांद्यावर पिसं छान भरलीत, पाठीवर मात्र अजून लव आहे. दिवसा परड्यात मोकळी असतात, गोठ्यामागं सांडपाणी जातं तिथल्या चिखलात चोची घालून हिंडतात, काही तक्रार नाही. पण दिवेलागण झाली की सगळी मागच्या दाराशी येऊन उभी आणि आत घ्या म्हणून नुसता कालवा. ह्यांनी बाहेर चांगलं विटांचं खुराडं बांधलंय, वर पत्रा, पुढं जाळी, पण त्यात ठेवलं की असं ओरडतात की शेजारच्या वस्तीवरून फोन येतो काय झालं म्हणून. सासूबाईंना खोलीतला वास आता सहन होत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे, बदकं पाणी इतकं सांडतात की रोज भुसा बदलला तरी ओल राहतेच. पण जानेवारी आहे, पहाटे चांगलंच गार होतं, त्यात ही लहान. ओरडू द्यायचं का जवळ जायचं? बल्ब बाहेर पण लावायचा का? ज्यांनी पाळलीत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

येरळाकाठ :
ताई, घाबरू नका, सहा आहेत म्हणजे निम्मं काम झालंय, बदकाला ऊब आणि धीर दोन्ही दुसऱ्या बदकाकडून मिळतं.

आधी पिसं नीट बघा. एकेक पिल्लू हातात घेऊन पंख उचला, पंखाखाली आणि पाठीवर सगळ्यात शेवटी पिसं येतात. लवेवर पाणी टिकतं, पिसावर टिकत नाही, एवढाच फरक पण थंडीत जीव त्यावरच असतो. पूर्ण पिसं यायला सात-आठ आठवडे लागतात म्हणजे तुमची अगदी कडेला आलीत. उबेचं गणित असं, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ डिग्री लागते आणि मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्रीने कमी करत न्यायची. दीड महिन्याच्या पिल्लाला दिवसा बल्ब लागतच नाही. रात्रीचा पण आधी खोलीतच बंद करा, बाहेर नेऊन नाही. बल्ब गेला, जागा बदलली आणि माणसं दिसेनाशी झाली हे सगळं एकाच रात्री झालं तर ती ओरडणारच ना. एका वेळी एकच गोष्ट बदला.

बल्ब बंद केल्यावर रात्री एकदा जाऊन बघायचं. एकमेकांच्या अंगावर चढून ढीग केला असेल आणि चिवचिव चालू असेल तर गारठलीत. शेजारी शेजारी पण सैल बसली असतील तर ठीक आहे.

दुसरं, खुराडं त्यांना दिवसा ओळखीचं करा. सकाळचं आणि संध्याकाळचं खाणं खुराड्यातच, दार सताड उघडं ठेवून. आत जाऊन खातील, बाहेर येतील, पाच मिनिटं बसतील. रात्रीच फक्त त्यात कोंबलं तर ती जागा म्हणजे शिक्षा हेच त्यांच्या डोक्यात बसतं. आणि खोक्यातला थोडा जुना कोरडा भुसा तिथं पसरा, ओला अजिबात नको, वास ओळखीचा लागतो.

कोरेगावकर :
मला वाटतंय फार लाड चाललेत. आमच्या आजोळी रहिमतपूरकडं बदकं होती, कोण बल्ब लावत होतं त्यांना? रात्री डालग्याखाली झाकली की झालं. एक-दोन रात्री ओरडतील आणि गप बसतील. जनावराला जनावरासारखं वाढवावं.

येरळाकाठ :
दादा तुमचं म्हणणं चुकीचं नाही पण त्या पिल्लांवर कुणीतरी बसत होतं. पूर्वी बदकाची अंडी खुडुक कोंबडीखाली ठेवायचे, २८ दिवस ती बिचारी बसून राहायची (स्वतःच्या अंड्याला २१ लागतात) आणि नंतर रात्री पंखाखाली घ्यायची. खाकी कॅम्पबेल स्वतः खुडुक बसतच नाही म्हटलं तरी चालेल, अंड्यांसाठीच तयार केलेली जात आहे, म्हणून ही पिल्लं सगळी मशीनची येतात. आईच्या पिसातलं तेल पिल्लांच्या अंगाला लागतं, ते पण यांना मिळालेलं नसतं. शेपटीच्या बुडाशी स्वतःची तेलाची गाठ असते पण ती कामाला लागायला वेळ जातो. म्हणून मशीनचं पिल्लू भिजलं की काकडतं. डालगं चांगलंच आहे, फक्त खाली ऊब देणारं कुणीतरी हवं.

कोरेगावकर :
हे मान्य. आज्जी खुडुक कोंबडीच बसवायची, आठवतंय. तळ्यात पिल्लं उतरली की ती काठावर येरझाऱ्या घालायची.

शिराळ्याची_वाट :
थंडीपेक्षा मला जाळीची काळजी वाटते. ताई जाळी कुठली लावलीय? ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी असेल तर ती बदक आत ठेवायला आहे, बाहेरचं बाहेर ठेवायला नाही. कुत्रं दातानं फाडतं. रानमांजर पंजा घालून जे हाताला लागेल ते ओढतं, पिल्लं जाळीला टेकून झोपतात ना. अर्ध्या इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी) घ्या, महाग पडते पण एकदाच. खाली घुशी आणि मुंगूस उकरतात म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर बाहेरच्या बाजूनं फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरून वर दगड ठेवा, उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराला नुसती कडी नको, कडीत खिट्टी किंवा कुलूप.

मुंगूस दिवसाउजेडी येतो हे लक्षात ठेवा, संध्याकाळी आणि सकाळी लवकर. रात्री मांजर, उदमांजर, कोल्हा. आणि सध्या ऊसतोड चालूय, फड मोकळा झाला की त्यातलं सगळं बाहेर पडतं. आमच्या शिराळ्याकडं, तिकडं कराड-पाटणला उसात बिबट्या असतो. त्याला वेल्डमेश पण पुरत नाही, म्हणून खुराडं उसाच्या बांधाकडं तोंड करून नको, घराच्या भिंतीला लागून पाहिजे आणि रात्री परड्यात लाइट पाहिजे.

मळ्यातली :
सगळ्यांचे खूप आभार. जाळी कोंबडीचीच आहे, ह्यांना दाखवलं तुमचं लिहिलेलं, वेल्डमेश आणायला तासगावला जाणारेत. खुराडं घराला लागूनच आहे, ऊस रस्त्याच्या पलीकडं.

ओरडण्याचं मात्र कुणी सांगितलं नाही. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. मी दिसले की गप बसतात आणि उठले की परत सुरू.

अंगणवेल :
ताई मी सांगते. मी वाईला असते, मस्कोव्ही आणि पेकिन पाळलेत, बहुतेक हातावरच वाढवलेली.

तुम्ही त्यांच्या आई आहात, हे मी भावनेनं म्हणत नाहीये. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं दिसतं त्याच्या मागं जायचं हे बदकाच्या डोक्यात पक्कं बसतं. कोनराड लॉरेन्झ म्हणून ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ होते, हंसांची पिल्लं त्यांच्या मागं मागं चालायची, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांचं बरंचसं काम याच विषयावर. तर पिल्लाच्या दृष्टीनं आई अंधारात सोडून निघून गेली म्हणजे संकटच आहे. ते हट्ट करत नाहीये.

आवाज ओळखायला शिका. मोठ्यांदा, उंच, एकामागून एक सारखी किंचाळी म्हणजे हरवलो. बारीक, घशातल्या घशात, चढउतार असलेली किलबिल म्हणजे सगळे आहोत, झोपतोय. पहिला आवाज चालू असताना तसंच सोडून देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचं गुदमरतं. पण दार उघडून उचलून घरात पण न्यायचं नाही, नाहीतर ओरडलं की घर हे गणित त्यांना चांगलं जमतं.

मी काय करते, संध्याकाळी उजेड असतानाच आत घालते आणि बाहेर पाट टाकून जाळीला लागून बसते. भाजी निवडायची, लसूण सोलायचा, जे काम असेल ते तिथं. बोलत राहायचं हळू आवाजात. आत हात घालायचा नाही. हळूहळू पाट लांब न्यायचा, मग ओट्यावर, मग स्वयंपाकघरात पण खिडकी उघडी ठेवून म्हणजे भांड्यांचा आणि तुमचा आवाज येत राहतो. काही दिवसांनी त्यांचं तुमच्याकडं लक्षच राहत नाही.

आणि मिट्ट काळोख नको. खाकी कॅम्पबेल आधीच भित्री जात, अंधारात काही खडबडलं की सगळी एकदम उधळतात, भिंतीवर आपटतात. झीरोचा बल्ब पुरे. शेतीची लाइट जाते-येते म्हणून छोटा सोलरचा दिवा असला तर बरं. लग्नसराईत डीजे असेल त्या रात्री मी गोणपाटाचा पडदा सोडते आणि एकदा चक्कर मारते.

पशुवैद्य_मिरज :
चर्चा छान चाललीय. थोडं माझ्या बाजूचं.

उबेसाठी बाहेर मोठा बल्ब लावू नका. खाली पाचट किंवा भुसा, वर गरम बल्ब, पिल्लं उधळली आणि बल्ब पडला तर आग लागते. पिसं भरलेल्या सहा पिल्लांना कोरडी जमीन आणि वारा न लागणं हे बल्बपेक्षा जास्त उपयोगी आहे. वारा न लागणं म्हणजे खुराडं गच्च बंद करणं नव्हे. बदकाच्या श्वासात ओल खूप असते, विष्ठा पातळ, गच्च बंद केलंत तर सकाळी डोळ्याला झोंबणारा अमोनिया मिळेल. खालच्या दोन फुटांपर्यंत आडोसा, वरच्या बाजूला जाळीतून हवा खेळती.

अंथरूण : आपल्याकडे पाचट फुकट मिळतं म्हणून सगळे वापरतात, हरकत नाही, पण बारीक कुट्टी करून आणि पूर्ण वाळलेलं. ढिगाच्या आतलं काळपट, बुरशीचा वास येणारं कधीही नको, त्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होतो. भाताचं तूस सगळ्यात चांगलं.

खाणं : इथेही बुरशीच. बदकाची पिल्लं अफ्लाटॉक्सिनला (बुरशीतून तयार होणारं विष) फारच नाजूक असतात, कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाणा पेंडीतून टर्कीची लाखभर पिल्लं मेली, बदकाची पिल्लंही मेली, त्यातूनच हे विष माहीत झालं. आपल्या भागात शेंगदाणा पेंड आणि मका घरोघरी, तेव्हा जुनी, दमट पेंड बदकांना घालू नका, गुरांना चालते म्हणून यांना चालेल असं धरू नका.

कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर बदकाला नियासिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) दीड-दोन पट लागतं हे लक्षात असू द्या. कमी पडलं की पाय बाहेर वाकतात, पिल्लू मागे राहतं, बसून बसून खातं. यीस्ट खाद्यात मिसळता येतं, पण आधी दाखवा.

मळ्यातली :
डॉक्टर, एक पिल्लू चालताना मागंच राहतं, घोट्यापाशी जाड वाटतं. ते यातलंच का? मका भरडा आणि स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य) देतोय.

पशुवैद्य_मिरज :
शक्यता आहे. लांबून बघून नक्की सांगणार नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवा आणि खाद्य काय देता ते सांगा. लवकर दिलं तर फरक पडतो, पाय पूर्ण वाकल्यावर नाही. नेताना पायाला धरून उचलू नका, बदकाचे पाय फार कच्चे असतात, दोन्ही पंख अंगाशी दाबून ओंजळीत घ्यायचं. आणि ते बाकीच्यांपासून वेगळं करून एकटं झोपवू नका, फक्त इतर त्याच्यावर चढत नाहीत ना तेवढं बघा.

खटावची_माहेरवाशीण :
थोडं वेगळं विचारते, चालेल ना? माझ्या भावाला मायणीच्या तलावाकडून येताना पाटाच्या कडेला बदकाची दोन पिल्लं सापडली, आई दिसली नाही म्हणून घरी आणलीत. त्यांना पण असंच बाहेर झोपवायचं का?

अंगणवेल :
नको गं, ती पाळीव नसणार. हळदकुंकू बदक असेल नाहीतर अडई. जंगली पक्षी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तुझ्या भावाचा हेतू कितीही चांगला असला तरी माणसाची सवय लागलेलं पिल्लू पुढं तलावावर जगत नाही. बहुतेक वेळा आई जवळच गवतात लपलेली असते, माणूस गेल्याशिवाय येत नाही. आत्ताच वनखात्याला कळवा, १९२६ हेल्पलाइन आहे, ते सांगतील तसं करा. जमलं तर जिथं सापडली ती जागा नीट सांगा. तोवर कोरड्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवा, आंघोळ घालू नका, मुलांना हाताळू देऊ नका.

खटावची_माहेरवाशीण :
लगेच सांगते त्याला. थँक्यू ताई.

मळ्यातली :
कसं चाललंय ते सांगते. दवाखान्यात दाखवलं, नियासिनच कमी होतं, औषध आणि यीस्ट चालू केलंय, पिल्लू आता कळपाबरोबर चालतंय, अजून थोडं लंगडतं.

वेल्डमेश लावली. बल्ब आधी खोलीतच बंद केला, मग खाणं खुराड्यात. पाण्यात खेळायचं चार वाजता बंद करतो म्हणजे आत जाईपर्यंत अंग कोरडं होतं. पण खरी अडचण दाराची निघाली. दार उंच आणि अरुंद होतं, एकावेळी एकच जायचं आणि पहिलं थांबलं की सगळी मागं वळायची. ह्यांनी दोन विटा काढून रुंद केलं, उंबरा काढला, आता दोन-दोन जोडीनं जातात. हाकायला सासूबाईंची पद्धत चांगली आहे, दोन्ही हातांत लांब काठ्या आडव्या धरायच्या, मारायच्या नाहीत, नुसतं रुंद व्हायचं आणि सावकाश चालायचं. पळवलं की फुटतात. कोंबड्या अंधार पडला की आपल्या आपण जातात, बदकं तशी नाहीतच, उलट अंधारातच त्यांना किडे खायचे असतात, रोज हाकावीच लागतात.

अंगणवेलताई, पाटावर बसायचं तुम्ही सांगितलंत ते सासूबाईंनीच घेतलं अंगावर. त्या तिथं बसून पोथी वाचतात, मोठ्यानं. आधी किंचाळत होती ती आता ऐकता ऐकता मान मागं वळवून पाठीच्या पिसात चोच खुपसतात. परवा मी नीट बघितलं, कडेची दोन एक डोळा उघडा ठेवून झोपली होती, तो पण बाहेरच्या बाजूचा, आणि मधली दोन्ही डोळे मिटून. हे आजाराचं लक्षण नाही ना?

येरळाकाठ :
अजिबात नाही, हे तर झोप लागल्याचं चांगलं लक्षण आहे. बदकाचा मेंदू अर्धा झोपतो आणि अर्धा जागा राहतो, कडेला बसलेलं बाहेरच्या डोळ्यानं राखण करतं. यावर प्रयोग झालेत. थोड्या वेळानं कडेचं बदक वळून बसलेलं दिसेल, मग दुसरा डोळा उघडा. म्हणून एकटं बदक कधी नीट झोपत नाही, पाळायचीच तर किमान तीन-चार पाळावीत.

सासूबाईंना नमस्कार सांगा.

पाटणखोरं :
धागा उशिरा बघितला. माझ्याकडं पण पिल्लं यायचीत पण पावसाळ्याच्या तोंडावर. कोयनेकडं पाऊस कसा असतो ते सांगायला नको. जमीन कोरडी ठेवायची कशी?

येरळाकाठ :
पावसाळ्याच्या तोंडावर घेऊच नका असं म्हणेन, दिवाळीनंतर घ्या. घ्यायचीच असतील तर जोतं दीड-दोन फूट उंच, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार, चढायला रुंद आणि कमी चढाची फळी, तिला आडव्या पट्ट्या मारा, बदकाला शिडी चढता येत नाही. मोठ्या बदकाला तीन-चार चौरस फूट जागा धरा, दाटी झाली की ओल वाढते. आणि पाण्याचं भांडं भुशावर ठेवू नका. जाळीखाली खडी भरलेली पाटी आणि तिच्यावर भांडं, सांडेल ते खडीतून खाली जाईल. भांडं एवढं खोल की नाकपुड्या बुडाव्यात, नाहीतर खाद्य नाकात अडकतं, पण आत उतरता येऊ नये. मोठी झाल्यावर रात्री खाणं-पाणी दोन्ही नसलं तरी चालतं, पण खाणं ठेवलंत तर पाणी हवंच, नुसतं कोरडं खाद्य घशात बसतं.

मळ्यातली :
खडीची पाटी चांगली आहे, मी पण करते. सकाळी किती वाजता सोडायची? ह्यांना लवकर सोडायची घाई असते.

अंगणवेल :
आत्ता उजेड झाला, मुंगसाची वेळ टळली की सोडा. पण साधारण पाच-साडेपाच महिन्यांची झाली आणि अंड्यावर आली की आठ-नऊपर्यंत आतच ठेवा, बदकं अंडी पहाटे ते नऊच्या आतच घालतात आणि जिथं असतील तिथं टाकतात, ओढ्यात, गवतात, कुठंही. मादी कुठली ते आवाजावरून कळायला लागलं असेल ना? क्वॅक क्वॅक असं ठणठणीत ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा बसका, नंतर शेपटीवर वळलेलं पीस येतं.

मळ्यातली :
मग चार माद्या आणि दोन नर दिसतायत.

आता एक विनंती. बदकाच्या कॉलराची आणि प्लेगची लस द्यायचीय. दवाखान्यात सांगितलं की बाटली मोठी येते, फोडली की थोड्या तासांत वापरावीच लागते, सहा पक्ष्यांसाठी फोडणं परवडत नाही. पलूस, भिलवडी, तासगाव, कुंडल या बाजूला कुणाकडं बदकं असतील तर इथं सांगा, किती आहेत आणि केवढी आहेत ते पण लिहा. एकाच सकाळी सगळ्यांची उरकून घेऊ, बर्फाचा डबा आमच्याकडं आहे.

येरळाकाठ :
माझी चौदा धरा. मोठी आहेत सगळी. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल.